स्लीव्ह हे औषध आहे, तसंच मागायचं

पत्र:

ताई, माझं वय ४४. तीन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, केमो आणि रेडिएशनही झालं. वर्षभराने उजवा हात सुजायला लागला. लिम्फेडेमा आहे म्हणाले. थेरपिस्टने महिनाभर बँडेज बांधून सूज उतरवली आणि मग मापाची स्लीव्ह, म्हणजे हातावर दाब देणारी घट्ट बाही, आणि पंजाचं ग्लव्ह घ्यायला लावलं, ते आम्ही खिशातून घेतलं. आता ती म्हणते दर सहा महिन्यांनी बदला आणि दोन-दोन नग ठेवा. मी एकच स्लीव्ह दीड वर्ष घालतेय. विम्याकडे बिल पाठवलं तर उत्तर आलं, वैयक्तिक वापराची वस्तू आहे, पॉलिसीत बसत नाही. मी शाळेत शिकवते, दिवसभर फळ्यावर लिहिते. घरच्यांनी माझ्या ट्रीटमेंटसाठी आधीच खूप काढलंय, आता परत पैसे मागायला जीभ रेटत नाही. नवऱ्याला सांगितलंय की स्लीव्ह अजून चांगली आहे. मदत कुठून मिळेल का? आणि हीच जुनी स्लीव्ह रात्री पण घालून झोपले तर चालेल का, म्हणजे सकाळी सूज तरी कमी असेल?
– फळ्यावर लिहिणारी

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस म्हणून सरळ अगंतुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले, नवऱ्याला सांगितलंय की स्लीव्ह अजून चांगली आहे. मी पण घरी हेच सांगितलं होतं. माझ्या ऑपरेशनला ९ वर्षं झाली, माझा डावा हात, आणि सुजेचं हे सातवं वर्ष, त्यामुळे तू जे लिहिलं नाहीस ते पण मला दिसतंय. मनगटापाशी धागे सुटलेत आणि तू ते सुईने टाचलेत, वरची पट्टी दंडावरून सारखी खाली येते म्हणून मुलांना पाठ करून पटकन वर ओढतेस, आणि दुपारच्या तासापर्यंत बोटं इतकी जड होतात की खडू धरवत नाही. बरोबर ना?

मदतीचं सांगतेच, पण आधी हे नीट समजून घे, कारण पुढे ज्याला ज्याला अर्ज करशील त्याला हेच समजावून सांगायचंय. काखेतल्या गाठी काढल्या आणि वर रेडिएशन झालं की हातातलं लिम्फ नावाचं पाणी परत जायचा रस्ताच अरुंद होतो. काखेतल्या गाठी पूर्ण साफ केलेल्या साधारण ५ जणींपैकी एकीला हे होतं, कुणाला लगेच, कुणाला कित्येक वर्षांनी. यात तुझं काही चुकलेलं नाही. बँडेज बांधून, मसाज करून सूज उतरवणं हा उपचाराचा पहिला अर्धा भाग, आणि उतरलेली सूज परत चढू नये म्हणून रोज स्लीव्ह घालणं हा दुसरा अर्धा भाग. हा दुसरा भाग संपत नाही. ब्लड प्रेशरची गोळी जशी रोज घ्यायची तशी ही स्लीव्ह. आणि स्लीव्ह पण "संपते", गोळ्यांचं पाकीट संपावं तशी, फक्त ती डोळ्याला दिसत राहते म्हणून आपल्याला वाटतं की आहे अजून. तिच्यातला इलॅस्टिकचा धागा रोज ताणून, घामाने, त्वचेच्या तेलाने ढिला होत जातो आणि सहा महिन्यांत डॉक्टरांनी लिहिलेला दाब ती देईनाशी होते. हाताच्या स्लीव्हला साधारण २० ते ३० एमएमएचजी (ब्लड प्रेशर मोजतात तेच माप) इतका दाब लिहिलेला असतो, डब्यावर बघ तुझा किती आहे तो. दीड वर्ष वापरलेल्या स्लीव्हमध्ये त्यातला किती उरला असेल!

नुसता दाब कमी झाला एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण ढिल्या स्लीव्हची वरची पट्टी गुंडाळली जाते आणि तिथेच दोरी बांधल्यासारखी आवळते, म्हणजे जिथून पाणी वर जायला हवं तिथेच अडतं आणि खाली पंजा फुगतो. आज संध्याकाळी स्लीव्ह काढलीस की आरशासमोर उभी राहून बघ, दंडावर खोल आडवी वळ उठलेली आहे का, आणि मनगटाशी बोटाने दहा-पंधरा सेकंद दाबून सोड, खड्डा तसाच राहतो का. मोबाइलवर फोटो काढ, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून, तारखेसकट. हे फोटो पुढे लागणार आहेत.

आता माझं सांगते. मी अशीच एक स्लीव्ह वर्षावर ओढली होती. एके दिवशी अंगठ्याच्या नखाजवळ कातडी जराशी निघाली, इतकीशी की लक्षात पण राहिलं नाही. संध्याकाळी हात कोमट लागायला लागला, रात्री हुडहुडी भरली, दोन पांघरुणं घेऊन पण दात वाजत होते, पहाटे बघितलं तर कोपरापर्यंत लाल. सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचं आणि तिच्या खालचं इन्फेक्शन. चार दिवस हॉस्पिटलात सलाइनमधून अँटिबायोटिक. आणि त्या चार दिवसांचं बिल विमा कंपनीने एक प्रश्न न विचारता भरलं, त्याच कंपनीने जिने माझं स्लीव्हचं बिल नाकारलं होतं. त्या बिलाच्या पैशात माझ्या कित्येक वर्षांच्या स्लीव्ह आल्या असत्या. मी घरी आल्यावर दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण काही जास्तीचं मागत नाही आहोत, आपण त्यांचा पण खर्च वाचवतोय आणि हे कुणीतरी त्यांना लिहून द्यायला हवं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०२० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. पायाला कायमची सूज आणि वारंवार सेल्युलायटिस होणारे ८४ पेशंट घेतले, अर्ध्यांना कॉम्प्रेशन, म्हणजे आपल्या स्लीव्हसारखा बाहेरून दाब, दिलं, अर्ध्यांना नाही. कॉम्प्रेशनवाल्यांपैकी १५ टक्के लोकांना इन्फेक्शन परत झालं, बाकीच्यांपैकी ४० टक्के लोकांना. फरक इतका दिसला की अभ्यास मध्येच थांबवून सगळ्यांनाच कॉम्प्रेशन दिलं. तो पायाचा अभ्यास आहे, हाताचा नाही, हे अर्जात लपवू नकोस, पण सुजलेल्या अवयवाचं इन्फेक्शन कॉम्प्रेशनने कमी होतं हा मुद्दा तुझ्या डॉक्टरांना पत्रात मांडायला तो उपयोगी पडेल.

आता त्या नकाराबद्दल. "वैयक्तिक वापराची वस्तू." तुझं बिल मला दिसत नाहीये पण मी पैजेवर सांगते की त्याच्यावर दुकानदाराने स्लीव्ह, गारमेंट, सपोर्ट असलं काहीतरी एका शब्दात लिहिलं असणार आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीच नसेल, किंवा जोडली असेल तर त्यावर पण "स्लीव्ह वापरा" एवढंच. तिकडे टेबलावर बसलेल्या माणसाने लिम्फेडेमा हा शब्द आयुष्यात ऐकला नसेल. त्याच्यासमोर एक कपड्याचं बिल आलं, त्याने कपड्यांच्या खान्यात टाकलं. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं होतं, चिठ्ठीवर "सपोर्ट स्लीव्ह" लिहिलं होतं आणि कंपनीने ते फिटनेसचं सामान धरलं.

हा खान्याचा घोळ किती मोठा असू शकतो त्याचं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत ज्येष्ठांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे, त्याच्यात कितीतरी वर्षं बँडेज बांधण्याचे, इन्फेक्शनचे पैसे मिळायचे पण रोजच्या कॉम्प्रेशन गारमेंटचे मिळायचे नाहीत, आणि कारण काय, तर कायद्यातल्या एकाही खान्यात ती वस्तू बसत नव्हती. गरज नाही असं कुणाचंच म्हणणं नव्हतं! शेवटी एका आईने, जिच्या मुलाला जन्मापासून लिम्फेडेमा होता, पेशंट लोकांना गोळा केलं आणि पाठपुरावा सुरू केला. कायदा पहिल्यांदा मांडला गेला २०१० मध्ये, पास झाला डिसेंबर २०२२ मध्ये, लागू झाला १ जानेवारी २०२४ पासून. आता तिथे दर ६ महिन्यांना दिवसाचे ३ गारमेंट आणि दर २ वर्षांना रात्रीचे २ मिळतात, प्रत्येक सुजलेल्या भागासाठी. ब्रिटनमध्ये तर डॉक्टर हे प्रिस्क्रिप्शनवरच लिहून देतात. तू राहतेस तिथे काय नियम आहे ते वेगळं, पण सांगायचं काय तर हा उपचार आहे हे मोठमोठ्या सरकारांनी मान्य करून झालंय, तुला ते पहिल्यापासून सिद्ध करत बसायचं नाहीये. तुला फक्त तुझा कागद बरोबर खान्यात टाकायला लावायचाय.

तर काम सुरू करायचं डॉक्टरांपासून, दुकानापासून नाही. तुझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे किंवा जे फॉलोअपला बघतात त्यांच्याकडे जा आणि लेटरहेडवर पत्र माग. डॉक्टरांना वेळ नसतो, "काय लिहू" विचारतील, म्हणून मसुदा तूच घेऊन जा, थेरपिस्टकडून मापं भरून. साधारण असा:

"यांना उजव्या स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर उजव्या हाताला लिम्फेडेमा झाला आहे. हा आजार कायमस्वरूपी आहे. शस्त्रक्रिया अमुक तारखेला झाली, काखेतल्या इतक्या गाठी काढल्या, रेडिएशन अमुक तारखेला पूर्ण झालं. कोपराखाली इतक्या सेंटिमीटरवर दोन्ही हातांच्या घेरात इतक्या सेंटिमीटरचा फरक आहे. बँडेजिंगने सूज उतरवली असून ती टिकवण्यासाठी मापाने बनवलेली कॉम्प्रेशन स्लीव्ह, अमुक दाबाची, आणि त्याच दाबाचं ग्लव्ह, प्रत्येकी २ नग, दर ६ महिन्यांनी बदलून, रोज दिवसभर वापरणं उपचाराचा भाग म्हणून आवश्यक आहे. न वापरल्यास सूज वाढण्याचा, त्वचेच्या इन्फेक्शनचा आणि हॉस्पिटलात भरती व्हावं लागण्याचा धोका आहे."

यातला एकेक शब्द मुद्दाम आहे बघ. "कायमस्वरूपी" म्हणजे पुढच्या सहा महिन्यांनी परत तेच सिद्ध करावं लागू नये. "२ नग" का, तर एक धुवायला गेलं की दुसरं अंगावर, हे कारण पण लिहून घे नाहीतर एकच मंजूर करतात. "मापाने बनवलेली" का, तर तुझ्या हाताचा आकार तयार साइजमध्ये बसत नाही हे थेरपिस्टने दोन ओळीत वेगळं लिहावं. आणि आजाराचा कोड टाकायला सांग. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आयसीडी-१० मध्ये, स्तन काढल्यानंतरच्या लिम्फेडेमाला आय ९७.२ असा स्वतंत्र कोड आहे, आणि बाकीच्या बहुतेक लिम्फेडेमाला आय ८९.० आहे. तुला कुठला लागू ते डॉक्टर ठरवतील. कोड असला की समोरच्या माणसाला आजाराचं नाव माहीत नसलं तरी चालतं, कॉम्प्युटरला माहीत असतं.

दुकानदाराकडून पण बिल बदलून घे किंवा पुढचं बिल नीट करून घे, वस्तूचं पूर्ण नाव, दाब, मापाने बनवलेलं की तयार, कुठल्या हाताचं, आणि डॉक्टरांच्या पत्रात आहे अगदी तोच शब्द. पत्रात एक आणि बिलावर दुसरा शब्द असला की फाइल परत येते.

मग विम्याकडे परत जायचं, लेखी. फोनवर कितीही गोड बोलले तरी त्याचा उपयोग नसतो. त्यांना मेल कर की नकार पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली दिला ते कलम नंबरसकट कळवा आणि अपील करायची मुदत किती ते पण कळवा. मुदतीकडे लक्ष ठेव, ती चुकली की चांगली केस पण जाते. उत्तर आल्यावर दोनच शक्यता. एक, कलम संदिग्ध आहे, म्हणजे "वैयक्तिक वस्तू" "कॉस्मेटिक" असलं काहीतरी मोघम, तर डॉक्टरांचं पत्र, थेरपिस्टची मापं, फोटो, इन्फेक्शन झालं असेल तर तेव्हाचे कागद, सगळं जोडून अपील कर, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासावं असं त्यात स्पष्ट लिही, म्हणजे ते कारकुनाच्या टेबलावरच थांबत नाही. तिथे पण नाही म्हणाले तर तक्रार निवारण अधिकारी, त्याच्यावर विमा लोकपाल किंवा तुमच्याकडे जी व्यवस्था असेल ती. दुसरी शक्यता, पॉलिसीत स्वच्छ लिहिलंय की कॉम्प्रेशन गारमेंट मिळणार नाहीत. तसं असेल तर खरं सांगते, तिथे वर्ष घालवू नकोस, ती ताकद दुसऱ्या दारांवर लाव. पण नूतनीकरणाच्या वेळी मात्र विचार, वरचा प्लॅन घेतला तर मिळतात का. आणि पुढची स्लीव्ह घ्यायच्या आधीच मंजुरी मागायची, आधी घेऊन मग बिल पाठवलं की आपली बाजू लंगडी पडते.

एक साधी वही कर. तारीख, कुणाशी बोलले, काय म्हणाले, तक्रार नंबर. तू शिक्षिका आहेस, हजेरी ठेवतेस तशी ठेव. माझ्या अपीलच्या वेळी "आम्हाला कागद मिळालेच नाहीत" असं उत्तर आलं तेव्हा मी वहीतून तारीख आणि पोच नंबर वाचून दाखवला आणि दोन दिवसांत फाइल सापडली. मला शेवटी पूर्ण पैसे नाही मिळाले, स्लीव्हचे मिळाले, ग्लव्हचे नाही, पण दर सहा महिन्यांचे मिळायला लागले.

आता विमा सोडून. जिथे तुझं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर असतील, त्यांना भेट. बऱ्याच जणींना वाटतं की ते फक्त ऑपरेशनच्या, केमोच्या वेळी असतात, आपली ट्रीटमेंट संपली आता कुठल्या तोंडाने जायचं. जा. तू अजून त्यांची पेशंट आहेस, ही सूज त्याच ट्रीटमेंटमधून आलेली आहे. कुठल्या ट्रस्टचा फॉर्म कधी निघतो, कुठल्या फंडातून औषधांसोबत साहित्य पण देता येतं, सरकारी योजनेत काय बसतं, हे सगळं त्यांच्या टेबलाच्या खणात असतं. त्यांना विचारताना "पैशाची मदत मिळेल का" असं मोघम विचारू नकोस. "मला वर्षाला ४ स्लीव्ह आणि ४ ग्लव्ह लागतात, हे कोटेशन, हे डॉक्टरांचं पत्र, यातलं निम्मं मी भरू शकते, निम्म्यासाठी कुणाकडे जाऊ" असं विचार. नेमका आकडा आणि स्वतःचा वाटा सांगितला की समोरच्याला पण काय करायचं ते कळतं आणि खरं सांगू का, आपल्याला पण मागताना मान खाली घालावीशी वाटत नाही.

कॅन्सरसाठी काम करणाऱ्या संस्थांना अर्ज करताना पण हेच, आणि एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी कर, एकाकडून नाही आलं की मग दुसरा असं करत बसलीस तर वर्ष जाईल. फक्त प्रत्येक अर्जात दुसरीकडे पण अर्ज केलाय हे लिहायचं. थेरपिस्टला विचार की कुठल्या कंपनीची पेशंटसाठी सवलत आहे का, सॅम्पल आहेत का, कुणी न वापरलेली पाकीटबंद स्लीव्ह देऊन गेलंय का. पाकीटबंद नवी असेल, दाब आणि माप थेरपिस्टने तपासून दिलं तर घ्यायला काही हरकत नाही. दुसरीची वापरलेली मात्र घेऊ नकोस, कितीही प्रेमाने दिली तरी, ती तिच्या हाताच्या आकाराची झालेली असते.

आणि तुझी शाळा! हात वर करून फळ्यावर लिहिणं हे तुझं काम आहे आणि या हाताशिवाय ते होत नाही. कर्मचारी कल्याण निधी असेल, ग्रुप विमा असेल, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती असेल, ऑफिसमध्ये लेखी विचार. टॅक्समध्ये वैद्यकीय खर्च धरता येतो का ते पण टॅक्स भरून देणाऱ्याला विचारून ठेव, बिलं जपून.

मदत येईपर्यंत काय, हा खरा प्रश्न आहे कारण हात काही मंजुरीची वाट बघत नाही. थेरपिस्टकडे जा आणि तिला पैशाचं स्पष्ट सांग. तिच्यापासून पण लपवलंयस ना? मी पण लपवायचे, हात जोरात चोळून सूज कमी दाखवायचा प्रयत्न करून जायचे तिच्याकडे. तिला कळलं की परिस्थिती अशी आहे की ती मार्ग काढते. सगळ्यात आधी सूज परत चढली असेल तर काही दिवस बँडेजने उतरवावी लागेल, सुजलेल्या हाताचं माप घेऊन स्लीव्ह शिवली तर ती सुजेच्याच मापाची होते आणि पैसे पाण्यात. उतरल्यावर सकाळच्या वेळी माप द्यायचं. स्वतःच्या हाताला बँडेज कसं बांधायचं ते तिच्याकडून नीट शिकून घे, कमी ताणलं जाणारं लिम्फेडेमाचं बँडेज, औषधाच्या दुकानातलं मुरगळल्यावर बांधायचं लवचिक क्रेप बँडेज नाही, ते चुकीच्या जागी आवळतं. ते बँडेज धुऊन पुष्कळ दिवस वापरता येतं, त्यात घरी आल्यावरचे तास निघतात. वेलक्रोचे पट्टे असलेला रॅप पण मिळतो, घेताना महाग असतो पण हात कमी-जास्त झाला तरी पट्टा ओढून बसवता येतो. तुला चालेल का ते विचार. आणि हे पण विचार की ग्लव्ह मापाचं आणि स्लीव्ह तयार साइजची असं चालेल का, कधीकधी एकच तुकडा मापाचा लागतो आणि खर्च वाचतो. ते तिने ठरवायचं, आपण नाही, दुकानदाराने तर नाहीच. खेळाडूंच्या स्लीव्ह दिसायला अगदी तशाच असतात आणि स्वस्त असतात, मला माहितेय तू त्या बघितल्या असशील. त्यांचा दाब, त्यांचा आकार आपल्यासाठी नसतो.

नवीन आली की ती रोज धू. जपून वापरायचं म्हणून कमी धुतली की ती उलट लवकर जाते, घाम आणि तेल धाग्यात मुरतं. कोमट पाणी, साधा साबण, सॉफ्टनर नाही, पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची आणि सावलीत आडवी वाळत घालायची. घालताना रबरी हातमोजे घाल, नखं लागून धागा तुटत नाही आणि चढते पण सोपी. क्रीम रात्री लाव, सकाळी स्लीव्हच्या आधी नाही. दोन नग आलटून पालटून नीट वापरले की दोन्ही जास्त टिकतात, म्हणून "आधी एकच घेऊ" हा हिशोब शेवटी महागच पडतो.

राहिला नवरा. हे मला तुझ्यापुरतंच लिहायचं होतं पण अशा कितीतरी जणी आहेत म्हणून इथेच लिहिते. तुला वाटतंय तू त्याच्यावरचं ओझं कमी करतेयस. मी हॉस्पिटलात भरती झाले त्या पहाटे माझ्या नवऱ्याने माझ्या हाताकडे बघितलं, मग खुर्चीवर पडलेली ती लोंबलेली स्लीव्ह हातात घेतली, ताणून बघितली, आणि एवढंच म्हणाला, "मला विचारलं का नाहीस?" रागावला पण नाही. मला अजून ते आठवलं की गलबलून येतं. तुझा नवरा ऑपरेशनच्या वेळी तुझ्यासोबत उभा राहिला असं तुझ्या पत्रावरून वाटतंय, त्याला यातून बाहेर ठेवू नकोस. आज रात्री स्लीव्ह त्याच्या हातात दे. दोन्ही हात त्याच्यासमोर टेबलावर ठेव. मग हे सगळे कागद दोघांनी मिळून करा, एकाने अर्ज लिहायचे, एकाने फोन करायचे, तुझा हात दुखत असेल तर लिहिण्याचं काम त्याला दे.

आणि शेवटी तू विचारलेलं, जुनी स्लीव्ह रात्री घातली तर चालेल का. नको घालूस. दिवसाची स्लीव्ह हात हलतो, स्नायू काम करतात तेव्हासाठी बनवलेली असते, झोपेत ती गुंडाळली गेली आणि आवळली तर तुला कळणार पण नाही, आणि ढिली झालेली तर नक्कीच गुंडाळली जाते. रात्रीसाठी वेगळे, मऊ, कमी दाबाचे गारमेंट असतात किंवा शिकलेलं बँडेज, ते थेरपिस्ट सांगेल तेव्हाच. तोवर रात्री हात मोकळा ठेव, उशीवर थोडा उंच, आणि झोपायच्या आधी एकदा बघून घे. लाली, गरम लागणं, ताप, थंडी वाजणं, हात अचानक दुखायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर स्लीव्ह काढ, रात्रीचे दोन वाजले असले तरी सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे जा. आणि तिथून निघताना केस पेपरची कॉपी मागून घे, ती पण फाइलला लावायची आहे.